स्लरी आइसचं मशीन दर तीन-चार दिवसांनी जाम होतंय? आधी टाकीचा बॉलकॉक बघा

थंडी पडली, वाटाणा-गाजराची आवक वाढली की बेळगाव-खानापूर पट्ट्यातून एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "अण्णा, मशीन परत बसलं बघा." मालक वेगळा, मशीन वेगळं, कधी भाजीचं पॅकहाऊस, कधी गोव्याहून आलेली मासळी साठवणारा. रडगाणं मात्र एकच.

होतं असं. मिठाच्या पाण्यातून पातळ, रवाळ बर्फ (स्लरी) करणारं हे मशीन चालू केल्यावर काही वेळ ठीक चालतं. मग ड्रममधून घुर्र असा जड आवाज येतो, बर्फ खरवडणाऱ्या स्क्रेपरच्या मोटरचा अँपिअर चढत जातो, सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडं परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) खाली येतं आणि मोटर वाचवणारा ओव्हरलोड रिले पडतो. झाकण काढून बघावं तर आतल्या भिंतीला काचेसारखा घट्ट बर्फ आणि त्यात अडकलेलं स्क्रेपर. गरम पाणी ओतून सोडवतात, चालू करतात, दोन-तीन दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. मग ब्लेड बदलतात. ब्लेड बदलल्यावरही तेच. मग मशीनच्या नावानं शिमगा.

अशा वेळी माझा पहिला प्रश्न असतो: जाम कधी होतं? सकाळी चालू केल्या-केल्या, तासाभरात? की चार-सहा तास चालल्यावर, टाकी बर्फानं भरत आल्यावर? या एका उत्तरावर निम्मं निदान होतं. सकाळी होत असेल तर बहुतेक वेळा मीठ कमी पडलेलं असतं, आणि मीठ कमी पडण्याचं कारण बहुतेक वेळा टाकीचा बॉलकॉक असतो. उशिरा होत असेल तर ब्लेड, पाण्याचा फ्लो किंवा टाकीत साचलेला जास्तीचा बर्फ बघायचा. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मीठ कमी झालं की बर्फ का चिकटतो

स्लरी म्हणजे मिठाच्या पाण्यात तरंगणारे, मिलिमीटरपेक्षा बारीक बर्फाचे कण. ड्रमच्या भिंतीबाहेरून गॅस फिरतो, आतून मिठाचं पाणी वाहतं, भिंतीवर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि स्क्रेपर तो खरवडत राहतो. मिठाचं पाणी गोठताना मीठ बर्फात शिरत नाही, बाहेर पडतं आणि कणाकणांच्या मधल्या पाण्यात राहतं. म्हणून तो थर रवाळ, भुसभुशीत असतो आणि ब्लेडला सहज निघतो. पाण्यात मीठ कमी असेल तर कणांमध्ये अशी ओल उरत नाही. थर घट्ट होतो आणि धातूला धरून बसतो. कुंदा करताना कढईच्या बुडाला खवा कसा लागतो ते इकडं कुणाला सांगायला नको. हलता आहे तोवर उलथनं फिरतं, एकदा बुडाला धरला की उलथनंच अडकतं.

आता आकडे. साध्या मिठाचं १ टक्का द्रावण साधारण उणे ०.६ अंशाला गोठायला लागतं, २ टक्के उणे १.२ ला, ३ टक्के उणे १.८ ला, ५ टक्के उणे ३ च्या आसपास. समुद्राचं पाणी सुमारे ३.५ टक्के खारट असतं आणि उणे १.९ ला गोठतं. ही मशीनं मुळात मासेमारी बोटींवर आणि बंदरांवर रुळली, त्यामुळं बऱ्याच मशीनांची रचना समुद्राचं पाणी धरूनच केलेली असते. तिथं टाकीत पाणी कमी झालं की पंप पुन्हा समुद्रातूनच ओढतो, ते आपोआप ३.५ टक्केच असतं. कारवारच्या धक्क्यावर या दुखण्याचं नावही काढायचं कारण नाही. आपण मात्र समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर बसलोय. समुद्र इथं रोज हातानं तयार करावा लागतो, आणि तेच काम कुणाच्याही नावावर नसतं.

बॉलकॉक काय करतो ते बघा. टाकी २००० लिटरची आहे, सुरुवातीला ३ टक्के म्हणजे ६० किलो मीठ घातलं. दिवसभरात ५०० लिटर स्लरी क्रेटमध्ये किंवा मासळीच्या पेट्यांत गेली. तिच्यासोबत मीठही गेलं. टाकीची पातळी उतरली, बॉलकॉक उघडला आणि नळाचं गोडं पाणी आत आलं. संध्याकाळी पातळी बरोबर, सगळे खूश. पण मीठ उरलं ४५ किलो, म्हणजे सव्वादोन टक्के. दुसऱ्या दिवशी तेवढाच माल गेला, मीठ ३४ किलोवर, १.७ टक्के. तिसऱ्या दिवसाअखेर २५ किलो, सव्वा टक्का. चौथ्या दिवशी सकाळी टाकीतला बर्फ पार वितळलेला असतो, नुसतं सव्वा टक्क्याचं पाणी ड्रममध्ये येतं, आणि मशीन बसतं. दर तीन-चार दिवसांनी का, याचं उत्तर या हिशोबात आहे. माल कमी गेला तर आठवड्यानं बसेल, हंगामात जास्त गेला तर दुसऱ्याच दिवशी.

"पण आम्ही मीठ रोज मोजतो की"

हे वाक्य मी खूप ऐकलंय, आणि म्हणणारा खोटं बोलत नसतो. एका ठिकाणी ऑपरेटरनं वही पुढं केली. रोज दुपारी घेतलेला आकडा, कधी ३.२, कधी ३, एकदाही त्याखाली नाही. तरी मशीन बसतच होतं.

गोम मोजण्याच्या वेळेत होती. दुपारी टाकीत बर्फ असतो. बर्फ म्हणजे गोडं पाणी, त्यात मीठ नाही. मग सगळं मीठ उरलेल्या पाण्यात गोळा होतं आणि ते पाणी मुळापेक्षा खारट दाखवतं. टाकीत २५ टक्के बर्फ असताना वरचं पाणी ३ टक्के दाखवत असेल तर बर्फ वितळल्यावर टाकी निघते सव्वादोन टक्क्यांची. त्यावर "मीठ बरोबर आहे" म्हणून काहीच टाकलं जात नाही.

म्हणून नमुना घ्यायचा तो बर्फासकट. अ‍ॅजिटेटर (टाकी ढवळणारा पंखा) चालू असताना टाकीच्या मधल्या उंचीवरून एक जग भरून स्लरी काढा, बाजूला ठेवा, बर्फ पूर्ण वितळू द्या, चमच्यानं ढवळा, खोलीच्या तापमानाला आल्यावर मोजा. हा टाकीचा खरा आकडा. त्याच वेळी दुसरा नमुना बारीक गाळणीतून किंवा फडक्यातून पटकन गाळून नुसत्या पाण्याचा घ्या. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा आणि उत्तर १ मधून वजा करा, म्हणजे टाकीत बर्फ किती ते कळतं. वितळलेला ३, गाळलेला ४ आला, तर तीन भागिले चार म्हणजे पाऊण, उरला पाव. टाकीत २५ टक्के बर्फ. यासाठी वेगळं महागडं मीटर घ्यायची गरज नाही.

मोजायला हायड्रोमीटर चालतो, पण आपल्या भागात सोपी सोय आहे. अथणीकडच्या द्राक्ष बागायतदाराकडे नाहीतर उसाच्या शेतकी माणसाकडे रसातली साखर मोजायचा हातातला ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटर असतोच. तो मिठालाही चालतो. फक्त त्याच्यावरचा आकडा साखरेचा आहे, मिठाचा नाही. ३ टक्के मीठ त्यावर साडेतीनच्या थोडं वर दिसतं. पाठ करत बसू नका. ३० ग्रॅम मीठ ९७० ग्रॅम पाण्यात विरघळवा, थेंब टाकून बघा, जिथं रेघ येते तो आकडा मार्करनं पॅनेलवर लिहून ठेवा. असंच २ आणि ४ टक्क्यांचं करा. काम झालं. काच प्रत्येक वेळी गोड्या पाण्यानं पुसा, नाहीतर सुकलेलं मीठ पुढच्या नमुन्यात मिसळतं.

कायमचा इलाज

टाकीला थेट जोडलेली गोड्या पाण्याची लाईन तोडा. खरंच तोडा, नुसता कॉक बंद करून ठेवला तर रात्रपाळीचा कुणीतरी पातळी कमी दिसली म्हणून उघडणारच. शेजारी हजार लिटरची एक प्लॅस्टिकची टाकी ठेवा, तीत ३ टक्क्यांचं पाणी तयार करा आणि बॉलकॉकची लाईन त्या टाकीतून घ्या. हजार लिटर पाण्याला ३१ किलो मीठ लागतं. साडेतीन टक्के हवं असेल तर ३६ किलो. एवढ्यावर रोजची मारामारी संपते, कारण जेवढी स्लरी बाहेर जाते तेवढंच मीठ घेऊन नवीन पाणी आत येतं. बर्फासकटचा नमुना आठवड्यातून एकदोनदा घेत जा, बस्स.

मीठ कुठलं? गोकर्णजवळच्या सानीकट्ट्याचं किंवा गुजरातचं खडे मीठ स्वस्त पडतं, पण त्यात माती आणि न विरघळणारा गाळ येतो. ते थेट स्लरीच्या टाकीत ओतू नका. वेगळ्या पिंपात विरघळवून रात्रभर निवळू द्या आणि वरचं नितळ पाणी घ्या. मी स्वतः अन्नाला लागणाऱ्या कामासाठी रिफाइंड मीठच वापरायला सांगतो. फरक पडतो तो किलोमागे काही रुपयांचा, ब्लेडच्या किमतीपुढे काहीच नाही.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. "आमचं बोअर आधीच खारं आहे, मीठ कमी लागेल" असं काही जण म्हणतात. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) २००० असला तरी ते झालं ०.२ टक्के. गोठण्याच्या हिशोबात ते नगण्य, पण त्यातले क्षार ड्रमला पांढरा थर देतात आणि त्या खरखरीत थराला बर्फ आणखी धरतो. बेळगाव शहरात राकसकोप-हिडकल जलाशयांचं पाणी मिळत असेल तर तेच वापरा.

मग मीठ भरपूर टाकून मोकळं व्हावं का?

हा उपाय हमखास सुचतो, आणि मशीनपुरता तो खरा आहे. ५-६ टक्के मीठ ठेवलं तर मशीन बसणार नाही. पण मग माल बसतो. ५ टक्क्यांच्या पाण्यात बर्फ तयार होतो तोच उणे ३ अंशाला, आणि जसजसा बर्फ वाढतो तसतसं पाणी आणखी खारट आणि आणखी थंड होतं. ओला वाटाणा आणि मक्याचं कणीस उणे ०.६ च्या आसपास गोठायला लागतं, कोबी उणे ०.९ ला, गाजर उणे १.४ ला. अशा स्लरीत वाटाण्याची शेंग बुडाली की साल काचेसारखी पारदर्शक दिसायला लागते. पोती चोर्ला घाट उतरून पणजीच्या मार्केटात उघडतात तोवर ती मऊ आणि ओलसर झालेली असते. तिथला व्यापारी भाव पाडणारच, आणि शिव्या मिळतात ड्रायव्हरला.

हिशोबानं बघितलं तर ३ टक्क्यांची स्लरीसुद्धा वाटाण्याला थेट लावण्याजोगी नाही. म्हणून भाजीच्या ठिकाणी माझं स्पष्ट मत आहे: स्लरी मालाला लावू नका, स्लरीनं पाणी किंवा हवा थंड करा. प्लेट हीट एक्स्चेंजरच्या एका बाजूनं स्लरी फिरवायची, दुसऱ्या बाजूनं गोडं पाणी १-२ अंशावर आणायचं आणि त्या पाण्यानं भाजी भिजवून गार करायची. किंवा कोल्ड रूमच्या फॅन कॉइलमध्ये स्लरी सोडायची. यात दोन फायदे आहेत. मीठ मालासोबत जात नाही, त्यामुळं टाकी पातळ व्हायचा प्रश्नच मिटतो, आणि ५ टक्के ठेवलं तरी मालाला धोका कमी. फक्त एक्स्चेंजरच्या गोड्या बाजूचा फ्लो बंद पडला तर तिथं बर्फ धरून प्लेटा फाकतात, म्हणून त्या बाजूला फ्लो स्विच हवाच. ढोबळी मिरची, काकडी, टोमॅटो, श्रावण घेवडा यांना शून्याच्या जवळची थंडीच सोसत नाही. त्यांच्यासाठी या सगळ्या भानगडीत पडूच नका.

मासळीचं गणित वेगळं. मासा उणे १ ते उणे २ च्या दरम्यान गोठायला लागतो, थोडं मीठ त्याला चालतं, आणि स्लरी माशाच्या अंगाला सगळीकडून लागत असल्यानं फोडलेल्या बर्फापेक्षा तो लवकर गार होतो. तिथं अडीच-तीन टक्के, फार घट्ट न केलेली स्लरी ठीक. त्याहून जास्त केलं तर माशाचे डोळे पांढुरके पडतात आणि गिऱ्हाईक आधी डोळेच बघतं.

मीठ बरोबर असूनही जाम होत असेल तर

सगळ्यात आधी लाईट. लाईट गेली की कॉम्प्रेसर, पंप, स्क्रेपर सगळं एकदम थांबतं, पण ड्रमच्या जॅकेटमधला (भिंतीबाहेरच्या पोकळीतला) द्रवरूप गॅस उकळत राहतो आणि उभ्या पाण्याला गोठवत राहतो. लाईट आली की सगळं एकदम चालू होतं, आणि अडकलेल्या स्क्रेपरवर मोटर जोर लावते. शाफ्टची चावी तुटते ती अशी. पॅनेलमध्ये टायमर लावून क्रम ठरवा: आधी पंप, मग स्क्रेपर, दोन-तीन मिनिटं दोन्ही सुरळीत फिरल्यावरच कॉम्प्रेसर. बंद करताना उलट: आधी लिक्विड लाईनचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा कॉक) बंद करून गॅस ओढून घ्यायचा, कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंप आणि स्क्रेपर काही मिनिटं फिरू द्यायचे. जनरेटर लहान असेल तर निदान पंप आणि स्क्रेपर तरी त्यावर घ्या, कॉम्प्रेसर थांबला तर थांबू दे. आणि खेड्यातल्या लाईनवर एक फेज कमी पडणं नवं नाही, म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावलेला असू द्या.

मग फ्लो. सक्शनची जाळी काढून बघा. गाजराचा पाला, पोत्याचे सुतळीचे तुकडे, माशाचे खवले यांनी ती हमखास तुंबते. ड्रममधला फ्लो कमी झाला की तेच पाणी जास्त वेळ भिंतीला लागून राहतं.

जाम उशिरा, टाकी बर्फानं भरल्यावर होत असेल तर मशीनला थांबायचं कळत नाहीय. बर्फ २५-३० टक्क्यांच्या वर गेला की स्लरी पाण्यासारखी वाहत नाही, दाटते. टाकीतल्या पाण्याच्या तापमानावर थर्मोस्टॅट लावा: ३ टक्क्यांच्या टाकीत तापमान उणे २.४ ला आलं म्हणजे २५ टक्के बर्फ झाला, कॉम्प्रेसर बंद. अर्थात हे मीठ कायम असेल तरच जमतं, आणि सेन्सर दशांश अंश दाखवणारा हवा.

थंडीच्या दिवसांत आणखी एक होतं. पहाटेच्या गारठ्यात कंडेन्सर जास्त थंड होतो, कॉम्प्रेसरची ताकद वाढते, सक्शन खाली जातं आणि ड्रमची भिंत ठरल्यापेक्षा थंड पडते. कंडेन्सरचे पंखे प्रेशर स्विचवर घेतले की हे थांबतं. गॅस कमी झाल्यावरही सक्शन उतरतं, पण तेव्हा बर्फ कमी होतो आणि साईट ग्लासमध्ये (लाईनवरच्या काचेच्या खिडकीत) बुडबुडे दिसतात. अमोनियाच्या प्लँटमध्ये जॅकेटच्या तळाशी तेल साचलंय का ते बघा. तेल अमोनियापेक्षा जड असतं, खाली बसतं आणि भिंतीला थंडी पोचू देत नाही. ते काढणं जाणत्या माणसाचंच काम, मास्क आणि मोकळी हवा असल्याशिवाय हात लावू नका.

राहिलं ब्लेड. शेवटी लिहिलं कारण लोक ते सगळ्यात आधी बदलतात. धार गोल झाली असेल, स्प्रिंग मेली असेल तर बदलायलाच हवं. बेळगावच्या उद्यमबागेत हवं ते ब्लेड करून मिळतं, कारागीर एक नंबर आहेत, पण मापासोबत मटेरियलही सांगा. मूळ ब्लेड फूड ग्रेड प्लॅस्टिकचं असेल तर टिकाऊ म्हणून स्टीलचं करून आणू नका. ते ड्रमवर चरे पाडतं, चऱ्यांत बर्फ धरतो, आणि मग मीठ कितीही बरोबर ठेवा, जाम होतच राहतं. चरे बोटाच्या नखाला लागत असतील तर ड्रम होनिंग करून (आतून घासून गुळगुळीत करून) घ्यावा लागेल.

सोडवताना

कॉम्प्रेसर बंद, मेन स्विच काढून त्यावर कुलूप. उकळतं पाणी ओतू नका; जॅकेटमध्ये कोंडलेल्या गॅसचं प्रेशर झपकन वाढतं. आगीची टॉर्च नको, पहार नको. नळाचं साधं पाणी होजनं ड्रममधून सोडत राहा, वेळ लागतो पण बर्फ सुटतो. शाफ्ट हातानं एक पूर्ण फेरा मोकळा फिरला की मगच वीज द्या. आणि हे गोडं पाणी टाकीत जाऊ देऊ नका, ड्रेनला सोडा. सोडवताना शे-दोनशे लिटर गोडं पाणी टाकीत गेलं की मीठ आणखी उतरतं आणि पुढचा जाम एक दिवस आधी येतो.